हनोईत एकटी : पहिल्या दिवसांचा धागा

सॅकवाली

मंडळी, हनोईला पोचले. पाठीवर सॅक, परतीचं तिकीट बरंच पुढचं आणि सोबतीला कोणी नाही. निघायच्या आधी बऱ्याच जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले होते की तिथून लिहीत राहा, म्हणून हा धागा. रोज लिहीन असं वचन देत नाही. प्रवासवर्णनाचा घाटही नाही. पहिल्यांदाच एकट्याने परक्या शहरात उतरणाऱ्याला कामाला येईल ते जास्त लिहिणार आहे.

व्हिएतनामच्या व्हिसाचं आधी उरकते. ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा सगळ्याच देशांच्या नागरिकांना मिळतो, ९० दिवसांपर्यंत. सरकारी फी एका प्रवेशासाठी २५ डॉलर, पुन्हापुन्हा आत-बाहेर करायचं असेल तर ५०. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट्स ढिगाने आहेत आणि त्या भरपूर जास्त उकळतात, तेव्हा पत्ता नीट बघा. नाव पासपोर्टावर जसं छापलंय तसंच भरा, मधल्या नावासकट.

नोई बाई विमानतळ शहराच्या उत्तरेला, तासाभराच्या अंतरावर. बाहेर पडल्यावर 'टॅक्सी, टॅक्सी' करत माणसं अंगावर येतात. त्यांच्याकडे न बघता ८६ नंबरची नारिंगी बस शोधा. भाडं ४५ हजार डोंग (इथलं चलन), सामानाला जागा असते आणि ती जुन्या शहराच्या कडेने जाऊन रेल्वे स्टेशनला संपते. पाठीवर सॅक घेऊन फिरणारे बहुतेक सगळे याच बसने येतात, त्यामुळे कुठे उतरायचं हे विचारायला माणूस मिळतोच.

आता पैसे. नोटांवर शून्यांची गर्दी आहे आणि प्रत्येक नोटेवर हो चि मिन्हच. घोळ निळ्या रंगाचा आहे. २० हजारांची नोट निळी, ५ लाखांचीही निळीच. दिवसा शेजारी शेजारी धरल्या तर छटा वेगळी दिसते, रात्री फुटपाथवरच्या पिवळ्या दिव्यात अजिबात दिसत नाही. मागची चित्रं बघायची : २० हजारांवर होई आनचा छप्पर असलेला पूल, ५ लाखांवर हो चि मिन्हच्या गावातलं घर. पण दुकानदारासमोर उभं राहून चित्रं कोण बघत बसणार? मी ५ लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्यात, तिथून एका वेळी एकच बाहेर येते.

शेवटचं, आणि यावर वाद होणार हे ठाऊक आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी काहीच 'बघणार' नाहीये. यादी सॅकच्या तळाशी. राहते त्या भागातल्या गल्ल्या पायाखाली घालायच्या, तिथेच खायचं, तिथेच बसायचं. तिकीट काढून आत जायचं असं काहीही नाही.

चहाटळ_कार्टं

पहिला मी! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटो टाक गं.

उंटावरचा_शहाणा

वाद होणार म्हणालीस, तर सुरुवात मीच करतो. एवढं विमानाचं तिकीट काढून गल्ल्या मोजायला गेलीस? बिनतारखेच्या प्रवाशांना हे शोभतं. नोकरदाराला चार दिवसांची रजा मिळते, त्यातले दोन 'पायाखाली घालण्यात' गेले तर परत येऊन काय सांगायचं? मी पहाटे उतरतो, सामान टाकतो आणि नऊ वाजता पहिल्या तिकीट खिडकीवर असतो.

निवांत_आजोबा

शहाणेराव, तुमची पद्धत रोम-पॅरिसला चालेल. तिथे बघायचं ते एका जागी उभं असतं. हनोई रस्त्यावर आहे. आम्ही गेलो होतो तेव्हा सगळी तिकिटं बघून झाली आणि लक्षात राहिलं ते हॉटेलाखालचं दुकान. मुली, तू लिहीत राहा.

सॅकवाली

आजोबा, धन्यवाद.

शहाण्या, चार दिवसांच्या रजेचं तुझं म्हणणं रास्त आहे, पण मला उलटंच वाटतं. एकटा माणूस पहिल्या दिवशी कच्चा असतो. नोटा ओळखू येत नाहीत, रस्ता ओलांडता येत नाही, किती पैसे द्यायचे ते कळत नाही, आणि हे सगळं चेहऱ्यावर दिसतं. ठकवणारे नेमके तो चेहरा हेरून बसलेले असतात, आणि ते बसतात कुठे? तिकीट खिडक्यांच्या आसपास. दोघं-तिघं असली की एकजण गोंधळतो तेव्हा दुसरा सावध असतो. एकटीला ती सोय नाही. म्हणून कच्चेपणा जाईपर्यंत मी अशा ठिकाणी राहते जिथे माझ्याकडून कोणाला फारसं काही मिळण्यासारखं नाही.

रस्ता ओलांडण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण या शहरात ते जमलं की निम्मं शहर जमलं. स्कूटर आणि मोटरसायकलींचा लोंढा थांबतच नाही. सिग्नल असले तरी वळणारे वळतच असतात. पट्टे रंगवलेले आहेत, पण ते बघून कोणी ब्रेक मारेल अशा भ्रमात राहू नका. शिवाय गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे पाऊल टाकताना आधी डावीकडे बघायचं. आपली मान जन्मभराच्या सवयीने उजवीकडे वळते, तिला मुद्दाम बजावावं लागतं.

पद्धत अशी. लोंढा थोडा विरळ झाला की खाली उतरायचं आणि एकाच सावकाश चालीने चालत राहायचं. धावायचं नाही, मध्येच थबकायचं नाही, आणि काही झालं तरी मागे पाऊल घ्यायचं नाही. तुम्ही दोन सेकंदांनी कुठे असाल याचा अंदाज स्कूटरवाल्याने लांबूनच बांधलेला असतो, त्या अंदाजाने तो तुमच्या पुढून किंवा मागून जातो. तुम्ही थांबलात की त्याचा हिशेब चुकतो. हे फक्त दुचाक्यांचं. मोटार आणि बस वळसा घालत नाहीत, त्यांना जाऊ द्यायचं.

जमत नसेल तर भाजीची पिशवी घेतलेली एखादी आजी शोधा आणि लोंढा जिकडून येतोय त्याच्या पलीकडच्या अंगाने तिच्या खांद्याला खांदा लावून चाला. मी तेच केलं. एका आजींनी पलीकडे पोचल्यावर माझा दंड धरून दोनदा हलवला आणि काहीतरी बोलून हसल्या. शाबासकी होती की टवाळी, माहीत नाही.

पहिलटकर

ताई, मी पण एकटीच जायचा विचार करतेय, घरचे तयार नाहीत. एक विचारू? एकटीने जेवायला बसायची मला फार लाज वाटते. हॉटेलात 'फक्त एकच?' असं विचारतात ना, तेव्हा जीव नको होतो. तिथे कसं आहे?

सॅकवाली

पहिलटकर, या बाबतीत पहिलं परकं शहर म्हणून हनोई निवड, डोळे मिटून. इथे 'एका माणसाचं टेबल' ही भानगडच नाही. फुटपाथवर गुडघ्याएवढी प्लॅस्टिकची स्टुलं आणि त्याहून जेमतेम उंच टेबलं मांडलेली असतात. जिथे स्टूल रिकामं तिथे बसायचं. समोर कोणी अनोळखी सूप ओरपत असतो, त्याला तुमचं काही पडलेलं नसतं. बऱ्याच ठिकाणी एकच पदार्थ मिळतो, त्यामुळे मेनूही नाही. बसलं की वाडगा येतो.

फो, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, सकाळचा. मी जाते तिथे बाई काचेच्या पेटीमागे बसते. शेवया जाळीच्या पळीत घेऊन उकळत्या पाण्यात बुडवते, झटकते, वाडग्यात उलटते, वर मांसाचे पातळ काप, मूठभर पातीचा कांदा आणि त्यावर वाफाळता रस्सा. वर बघायची तिला गरज लागत नाही. लिंबू, मिरची, लसणाचं व्हिनेगर टेबलावर असतं, ते आपलं आपण. दहाच्या सुमारास पातेलं रिकामं झालं की त्याच जागी हेल्मेटं विकायला दुसरा माणूस येतो. उशिरा उठणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, एकेका फुटपाथवर दिवसभरात दोन-तीन धंदे पाळीपाळीने चालतात. सकाळी खूण धरून ठेवलेलं दुकान संध्याकाळी तिथे नसतंच.

अंड्याची कॉफी प्यायले. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान ज्यांग यांनी दुधाऐवजी अंड्यातला बलक फेटून घातला, तिथून ही निघाली. मला गोड गिळगिळीत वाटली. लोक वेडे होतात म्हणे.

हिरवा_देठ

शुद्ध शाकाहारी माणसाचे हाल होतात का? खरं सांगा, दिलासा नको.

सॅकवाली

फुटपाथवर होतात. भाजीतसुद्धा माशाचं पाणी, म्हणजे नुओक माम, असतं आणि दिसत नाही. पण 'चाय' लिहिलेली दुकानं सगळीकडे आहेत, ती बौद्ध शाकाहारी, तिथे माशाचा थेंबही नसतो. चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तर इतर ठिकाणीही शाकाहारी थाळ्या मांडतात, कारण त्या दिवशी बरेच लोक मांस खात नाहीत. फोनवर 'मी शाकाहारी आहे, माशाचं पाणीही नको' असं व्हिएतनामीत लिहून ठेव आणि दाखव. बोलून दाखवायच्या फंदात पडू नकोस, स्वर चुकला की अर्थ बदलतो आणि समोरचा नम्रपणे मान हलवून भलतंच काहीतरी आणून ठेवतो.

चहाटळ_कार्टं

फोटो??

सॅकवाली

कार्ट्या, फोटो काढायला ऊन नाही. मार्च आहे. हवा धुक्यासारखी, बारीक भुरभुर सतत चालू. याला पाऊस म्हणून कोणी छत्री उघडत नाही, पण तासाभरात केस ओले. त्यात आणखी एक प्रकार आहे जो मला कोणत्याही गाइडबुकात सापडला नव्हता. समुद्राकडून उबदार दमट हवा येते आणि घरातली फरशी अजून हिवाळ्यासारखी गार असते, त्यामुळे फरशीलाच घाम फुटतो. हॉस्टेलच्या तळमजल्यावर कोणी पाणी सांडल्यासारखं दिसतं, भिंतीवरून ओघळ येतात. मुलगी पुसून जाते आणि दहा मिनिटांत परत तेच. मग तिने खोक्यांचे पुठ्ठे पसरले, आता आम्ही सगळे पुठ्ठ्यांवरून चालतो. धुतलेले कपडे वाळणं विसरा. फेब्रुवारी ते एप्रिल येणार असाल तर चटकन वाळणारे कपडेच आणा, आणि रबरी तळव्याची चप्पल. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला, असं इथले सांगतात.

आज दिवसभर जुन्या शहरात होते. छत्तीस गल्ल्या म्हणतात, खऱ्या त्याहून जास्त आहेत. एकेका धंद्याची एकेक गल्ली. हांग बाकला चांदी, हांग मा मध्ये कागदी कंदील आणि पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू, लान ओंगला जडीबुटी. लान ओंग नकाशाशिवाय सापडते, वास येतो. बऱ्याच गल्ल्यांचं नाव राहिलंय आणि धंदा गेलाय, पण हांग थिएकला पत्रेवाले अजून फुटपाथवर बसून पत्रा ठोकतात. एका माणसाने माझ्यासमोर सपाट पत्र्याची पेटी केली. रेघ मारली, कातरलं, लाकडाच्या ठोकळ्यावर कड दुमडली, कोपरे ठोकले. शेवटी पेटी उलटी करून त्यावर चहाचा पेला ठेवला आणि पुढचा पत्रा घेतला.

घरं बघायची तर मा मे गल्लीत ८७ नंबरचं जुनं घर लोकांना बघायला खुलं ठेवलंय. दोन-तीन माणसं शेजारी उभी राहतील एवढी रुंदी आणि आत जावं तितकं घर, मध्ये उजेडासाठी उघडे चौक. रस्त्याकडच्या रुंदीवर कर होता म्हणून घरं अशी लांबट, असं कारण सांगतात. हो शहाण्या, तिथे तिकीट होतं. छोटं होतं.

उंटावरचा_शहाणा

सुटलो! नियम मोडला.

सुरकुती

सॅकवाली, ठकवणाऱ्यांबद्दल थोडं मीही लिहिते, मागे गेले होते तेव्हाचं. होआन किएम तळ्याभोवती बायका खांद्यावर कावड घेऊन फिरतात, अननस किंवा गोड वडे विकतात. हसत हसत कावड तुमच्या खांद्यावर ठेवतात, टोपी घालतात, 'फोटो' म्हणतात. मग पिशवीभर फळं हातात आणि मनाला येईल ती किंमत. कावड खांद्याला लागायच्या आतच बाजूला व्हायचं. दुसरे बूटवाले. तुमच्या बुटाचा तळवा सुटलाय असं दाखवत खाली बसतात आणि विचारायच्या आत गोंद लावून मोकळे. चालत राहायचं, पाय द्यायचा नाही. बाकी रात्री अकरापर्यंत मी एकटी फिरले, कोणी वाकड्या नजरेने बघितलं नाही. पर्स मात्र रस्त्याकडच्या खांद्यावर नको आणि फोन हातात धरून कडेला उभं राहू नका, स्कूटरवरून हिसकावतात.

टॅक्सी अॅपवरूनच. दर आधी कळतो, घासाघीस नाही.

कलम_कायदा

एक महत्त्वाचं राहतंय. या धाग्यावरून प्रेरणा घेऊन कोणी स्कूटर भाड्याने घेणार असेल तर थांबा. भाड्याने देणारा परवाना विचारत नाही, पोलीस आणि विमा कंपनी विचारते. आपल्याकडे मिळतो तो आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या रस्ते वाहतूक कराराचा, व्हिएतनाम मानतं १९६८ च्या कराराचा. म्हणजे तो कागद तिथे चालत नाही. परवाना वैध नसताना अपघात झाला की प्रवास विमा हात वर करतो, बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. शिवाय २०२० पासून दारू पिऊन चालवण्याबाबत शून्य सहनशीलता, एक बियर पण नाही.

रुळावरची_खडी

कलमभाऊ +१. मागच्या सीटवर बसा की, अॅपवर मोटरसायकलही येते, हेल्मेट तेच देतात.

सॅकवाली, रेल्वेच्या गल्लीत गेलीस की नाही? घरांच्या मधून गाडी जाते ती. हनोईला जाऊन ती नाही बघितली तर काय बघितलं!

सॅकवाली

तोंडापर्यंत गेले. गल्लीच्या टोकाला अडथळे लावून पोलीस बसलेले असतात, त्यांनी परत पाठवलं. लगेच एक कॅफेवाली आली, 'माझ्यामागून या' म्हणाली, दुसऱ्या बोळातून आत नेते, बदल्यात तिच्याकडे काहीतरी प्यायचं. नाही गेले. भीतीपेक्षा कंटाळा जास्त. मीटर गेजचा साधा रूळ आहे, फ्रेंचांच्या काळातला मार्ग. त्याच्या कडेला लोक राहतात, भांडी घासतात, आणि आपण गाडी अंगाला घासून जाताना फोटो काढायला जायचं. २०१९ मध्ये तर रुळावर गर्दी झाल्याने गाडी वळवावी लागली होती, त्यानंतर कॅफे बंद केले, मग परत उघडले, परत बंद. हे चालूच आहे.

रुळावरची_खडी

तू नको जाऊस, पण उपदेश नको. त्या कॅफेवाल्यांचं पोट त्याच्यावर आहे. आधी ती गल्ली म्हणजे कोणी फिरकत नव्हतं अशी जागा होती. आता चार पैसे मिळतात तर आपण वरून नैतिकता शिकवायची? मी गेलो, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, मालकिणीने सांगितलं तसं केलं, काही झालं नाही.

सॅकवाली

पोटाचा मुद्दा मान्य. मला नाही जावंसं वाटलं, एवढंच.

आता यादी सॅकमधून बाहेर काढली आहे. वान मिएउ, म्हणजे साहित्याचं मंदिर, सकाळी उघडताच गेले. स्थापना १०७० ची, सहा वर्षांनी तिथेच राजघराण्याची विद्यापीठासारखी शाळा निघाली. दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा उभ्या आहेत आणि त्यांवर १४४२ ते १७७९ या काळात राजपरीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं कोरलेली आहेत. कासवाच्या डोक्यावर हात फिरवला की परीक्षेत पास होतो, अशी पोरांची समजूत. डोकी इतकी झिजली की आता कठडा घातलाय. तरी एक मुलगा कठड्यावरून हात लांब करत होता, पोचत नव्हता, मैत्रीण मागून त्याचा शर्ट धरून होती. तिथला लाल लाकडी मंडप १ लाखाच्या नोटेवर आहे, नोट काढून ताडून बघा.

होआ लो तुरुंग. फ्रेंचांनी १८९६ मध्ये व्हिएतनामी राजकीय कैद्यांसाठी बांधला, पुढे अमेरिकी वैमानिक तिथे ठेवले, पुढे सिनेटर झालेले जॉन मॅकेन त्यांतलेच. फ्रेंच काळाचं दालन अंगावर येतं : पायात खोडे घालून ओळीने बसवलेले पुतळे, गिलोटिन. अमेरिकी कैद्यांचं दालन बघून मात्र वाटतं की ते सुट्टीवरच आले होते, पत्ते, बास्केटबॉल, नाताळचं जेवण. सुटून गेलेल्या कैद्यांनी लिहिलंय ते वेगळंच आहे. दोन दालनांमधला हा फरक बघण्यासाठी तरी जा.

आणि लाँग बिएन पूल. याच्यावर मी दोनदा गेले, आणि परत जाईन. आयफेलने बांधलेला पोलादी पूल, लाल नदीवर दीड किलोमीटरहून जास्त लांब. मधून रेल्वे, दोन्ही कडांना दुचाक्या आणि सायकली, आणि त्यांच्याही कडेला चालणाऱ्यांसाठी सिमेंटच्या लाद्यांची अरुंद पट्टी. लाद्यांच्या फटींतून खाली पाणी दिसतं. गाडी आली की सगळा पूल थरथरतो, कठड्याला टेकलेल्या हाताला ते कळतं. अमेरिकेने १९६७ पासून त्याच्यावर वारंवार बाँब टाकले, दरवेळी लोकांनी जोडून घेतला. म्हणून काही भागांत वरच्या कमानी आहेत आणि मध्येच एकदम सपाट, ठिगळ लावलेला. भर मध्यावर बायका मक्याची कणसं भाजत बसतात, स्कूटरवाले थांबून खातात. खाली नदीत बेट आहे, जिना उतरून जाता येतं, केळीची बाग आणि भाजीचे वाफे. एवढ्या गोंगाटाच्या शहराच्या मधोमध हे कसं टिकलं, देव जाणे.

आणखी गंमत : या पुलावर दुचाक्या डाव्या बाजूने चालतात! सगळ्या देशात उजवीकडून, इथे उलटं.

निवांत_आजोबा

छान लिहिलंस. एक दुरुस्ती. पूल आयफेलचा, असं तिथले गाइडही सांगतात, पण तो दायदे आणि पिये या पॅरिसच्या कंपनीने १८९९ ते १९०२ मध्ये बांधला. तेव्हा नाव होतं पॉल दुमेर पूल. दुमेर हा फ्रेंच इंडोचायनाचा गव्हर्नर जनरल, पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९३२ मध्ये त्याचा खून झाला. जगात पोलादी सांगाडा दिसला की लोक आयफेलचं नाव घेतात.

सॅकवाली

आजोबा, पाटीच नव्हती कुठे, हॉस्टेलातल्या मुलाने सांगितलं तेच लिहिलं. त्याला आज सांगते, दुमेरच्या खुनासकट.

उंटावरचा_शहाणा

बरं, आता खरं सांगतो. माझं तिकीट निघालंय. गुरुवारी रात्री पोचतो, सोमवारी दुपारी निघतो. हो चि मिन्हची समाधी, वान मिएउ, होआ लो, पाण्यातल्या बाहुल्या, एवढं बसव. गल्ल्यांचं प्रवचन नको.

सॅकवाली

समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद! उरले शनिवार-रविवार, तेही फक्त सकाळी, साडेदहा-अकराला दार लागतं. पावसाळ्याच्या सुमारास काही आठवडे देखभालीसाठी पूर्ण बंद असते. शनिवारी सकाळी लवकर रांगेत उभा राहा. अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचा शर्ट चालत नाही, आत खिशात हात घालायचे नाहीत, बोलायचं नाही, थांबायचं नाही. रांग चालती असते, बघायला एखादं मिनिट मिळतं. तिथून वान मिएउ चालत जाण्यासारखं आहे, त्याच दिवशी कर. होआ लो रविवारी.

बाहुल्यांच्या खेळाचं तिकीट तळ्याकाठच्या थांग लाँग थिएटरला आदल्या दिवशी काढून ठेव, पुढच्या रांगा लवकर संपतात. कळसूत्री नव्हेत, खेळवणारे पडद्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून लांब बांबूने पाण्याखालून बाहुल्या हलवतात. भाषा कळली नाही तरी काही अडत नाही.

राहिला शुक्रवार. संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात, पोरं दोरीच्या उड्या मारतात, आजोबा लोक बुद्धिबळ मांडतात. दिवसा काय करायचं ते तुझं तू ठरव, मी काही बोलत नाही.

उंटावरचा_शहाणा

कळलं कळलं. रेल्वेच्या गल्लीत मात्र जाणार.

रुळावरची_खडी

जा रे! शनिवार-रविवारी गाड्या जास्त असतात. कॅफेवाली सांगेल तेव्हा आत हो, सेल्फीची काठी बाहेर काढू नकोस.

पहिलटकर

ताई, घरचे हो म्हणाले!! आईला हा धागा वाचून दाखवला, आजींनी दंड धरला तिथपर्यंत. तिकडून निन्ह बिन्हला एकटीने रेल्वेने जाता येईल का? आणि हनोई स्टेशन मोठं आहे का, हरवायला होईल का?

सॅकवाली

अरे वा! निन्ह बिन्ह दक्षिणेला, रेल्वेने साधारण दोन-सव्वादोन तास, सकाळची गाडी घे म्हणजे तिथल्या ट्रांग आनच्या होडीच्या फेरीला पुरेसा वेळ मिळेल. तिकीट व्हिएतनाम रेल्वेच्या साइटवरून काढ, डब्याचा आणि बाकाचा नंबर त्यावर असतो. स्टेशन फार मोठं नाही, पण त्याला दोन बाजूंनी दोन दारं आहेत, ले झुआन (Le Duan) रस्त्यावरचं आणि मागच्या अंगाला त्रान क्वी काप (Tran Quy Cap) रस्त्यावरचं. दक्षिणेच्या गाड्या ले झुआनकडून, लाओ काय वगैरे उत्तरेच्या गाड्या मागच्या दाराने. अॅपवर नुसतं 'हनोई स्टेशन' टाकलंस तर कुठल्याही दाराशी सोडतील आणि सॅक घेऊन वळसा मोठा पडतो. रस्त्याचं नाव टाक.